डिलीट कुणी केलं, हा प्रश्नच चुकीचा आहे

हॉस्टेलात तीन गोष्टी कुणाच्याच नसतात. बाथरूममधली बादली, कॉमन रूममधली इस्त्री आणि लॅबच्या कॉम्प्युटरचा 'डी ड्राइव्ह'! पहिल्या दोन हरवल्या तर तक्रार वॉर्डन सरांपर्यंत जाते, नोटीस लागते, प्रसंगी वर्गणीही निघते. तिसऱ्यातलं काही हरवलं तर मात्र आपण एकच काम करतो. "कुणी डिलीट केलं?" असं विचारत फिरतो, नाव सापडेपर्यंत स्वस्थ बसत नाही, आणि नाव सापडलं की प्रश्न सुटल्यासारखे मेसला जेवायला जातो.

मित्रमैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मी संपादक मंडळावर सोपवली आहे.)

गेल्या वर्षीची डॉक्युमेंटरी आठवते ना? ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या जिल्ह्यात दुष्काळ हा विषय शोधावा लागत नाही, तो आपोआप सापडतो. १९७२ चा दुष्काळ आणि २०१२-१३ चा दुष्काळ, दोन्ही पाहिलेल्या माणसांशी बोलायचं असं आमच्या टीमने ठरवलं. २०१२-१३ आपल्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणीचं म्हणून आठवतं. मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, वर्षानुवर्षं जपलेल्या झाडांना लोकांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड लावली, जालना शहरात टँकरच्या मागे हंड्यांची रांग असायची. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण त्या वर्षी कुणी म्हणत नव्हतं. पण ७२ चा दुष्काळ आम्हाला फक्त "तुम्हाला काय कळणार ७२ ची भूक" या आजी-आजोबांच्या वाक्यातूनच माहीत. म्हणून अंबड, घनसावंगी, भोकरदन असे तीन तालुके पालथे घातले, कधी एसटीने तर कधी मित्राच्या काकांच्या पिकअपमधून. चार म्हातारी माणसं बोलली. त्यातले एक आजोबा तर कमालच होते. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे ते, नव्याने लग्न झालेली बायकोही सोबत. सुकडी कशी वाटायचे, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाताना घशात कशी अडकायची, खडीचा ढीग मोजायला येणारा मुकादम टेप कसा सैल धरायचा, हे सगळं त्यांनी पन्नास मिनिटं हातवारे करून सांगितलं. कॅमेऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. असा माणूस कॅमेऱ्यासमोर बसवणं किती अवघड असतं ते ज्यांनी शूट केलंय त्यांनाच कळेल.

पुढे श्रावणात ते आजोबा गेले.

आणि गॅदरिंगच्या तीन आठवडे आधी आमचा अख्खा प्रोजेक्ट गेला. झालं असं की प्रॅक्टिकलसाठी लॅबच्या मशीनवर एक सॉफ्टवेअर टाकायचं होतं आणि जागा शिल्लक नव्हती. सेकंड इयरच्या एका मुलाला सरांनी सांगितलं, जागा कर. त्याला 'न्यू फोल्डर (३)' नावाचा एकशे ऐंशी जीबीचा फोल्डर दिसला. त्याने लॅबमध्ये बसलेल्या दोघांना विचारलं, "हा कुणाचा?" दोघं म्हणाले, माहीत नाही. त्याने शिफ्ट धरून डिलीट दाबलं. शिफ्ट धरलं नसतं तरी फार फरक पडला नसता, कारण एवढा मोठा फोल्डर रिसायकल बिनमध्ये मावतच नाही. विंडोज विचारतं 'कायमचं पुसू का?' आणि आपण सगळे लहानपणापासून 'येस' दाबायलाच शिकलेलो आहोत.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते हॉस्टेलातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं नाव पडलं 'फॉरमॅट'. मेसच्या रांगेत फॉरमॅट, क्रिकेटच्या टीममध्ये फॉरमॅट, व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक नवा जोक. पहिले आठ दिवस त्यालाही हसू यायचं. मग त्याने ग्रुप सोडला, मग गॅदरिंगच्या नाटकातलं काम सोडलं. मला यात काही गंमत वाटत नाही. ज्याने डिलीट करण्यापूर्वी दोन माणसांना विचारलं, त्याने आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा दोन जास्तच विचारले!

आता इंजिनिअर म्हणून विचार करा. इथल्या एमआयडीसीत इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात तर पॉवर प्रेस बघितला असेल. चांगल्या प्रेसवर दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, कारण मग एक हात डायमध्ये राहूच शकत नाही. कामगाराला 'हात सांभाळ' अशी पाटी लावून भागत नाही हे मशीन बनवणाऱ्याला माहीत असतं. माणूस दमतो, त्याचं लक्ष उडतं, पोराची फी भरायची आठवण त्याला नेमकी त्याच क्षणी येते. म्हणून चूक झाली तरी हात वाचेल असं मशीन करायचं. जपानी लोक याला पोका-योके म्हणतात आणि आपण परीक्षेत त्यावर टीप लिहून येतो. मग लॅबमध्ये पाच जणांच्या चार महिन्यांच्या कामाला एका बोटाचं अंतर ठेवतो, ते कसं?

मोठ्या माणसांचीही हीच गत आहे, हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं. पिक्सार कंपनीत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' बनत होता. कुणीतरी सर्व्हरवर फायली पुसण्याची एक कमांड दिली, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत एकेक पात्र नाहीसं व्हायला लागलं. वुडीची टोपी गेली, बूट गेले, मग वुडीच गेला. मशीनची वायर ओढेपर्यंत सिनेमाचा बहुतेक भाग गेलेला होता. बॅकअप आहे की! म्हणून तो काढला, तर बॅकअप कित्येक दिवस नीट होतच नव्हता आणि ते कुणी तपासलंही नव्हतं. शेवटी वाचवलं कुणी, तर गॅलिन ससमन या बाईंनी. त्या टेक्निकल डायरेक्टर होत्या, नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून घरून काम करत होत्या आणि कामासाठी सिनेमाची एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आणला म्हणे! पिक्सारचे एड कॅटमल यांनी २०१४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात हा किस्सा सांगितलाय. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, नंतर काय काय करायचं याच्या त्यांच्या यादीत 'ती कमांड देणारा शोधून त्याला शिक्षा करणं' हे काम नव्हतंच. सिनेमा परत मिळवा, बॅकअप दुरुस्त करा आणि ती कमांड सहजासहजी देता येणार नाही अशी व्यवस्था करा, बस. (ससमनबाईंना मात्र २०२३ साली कंपनीने कामावरून कमी केलं. जगात न्याय असतो असं मी म्हणत नाहीये.)

या गोष्टीतलं एक मर्म फारसं कुणी सांगत नाही. प्रत वाचली ती नियमामुळे नाही, तर एक बाई रोज ऑफिसला येऊ शकत नव्हती म्हणून. आमच्याकडेही अगदी हेच झालं! आमच्या टीममधली एक मुलगी बदनापूरहून रोज अप-डाऊन करते. संध्याकाळची गाडी चुकली तर घरी बोलणी बसतात, म्हणून ती लॅबमध्ये थांबू शकत नाही. घरी बसून कट लावता यावेत म्हणून तिने सगळ्या इंटरव्ह्यूंच्या प्रॉक्सी, म्हणजे लहान आकाराच्या, धूसर प्रती, स्वतःच्या लॅपटॉपवर घेतल्या होत्या. त्यामुळे आजोबा वाचले. गॅदरिंगला तुम्ही जी फिल्म पाहिली त्यात बाकी सगळं नव्याने शूट केलेलं लख्ख होतं आणि आजोबा मात्र धुक्यातून बोलत होते. मागे बसलेल्या काही जणांनी "फोकस, फोकस" म्हणून आरडाओरडा केला. त्यांना हे सांगायचं राहून गेलं होतं.

कुणी म्हणेल, ही सगळी कॉम्प्युटरची थेरं आहेत, पूर्वी फिल्मची रिळं असायची तेव्हा असं होत नव्हतं. अहो, तेव्हा तर याहून वाईट होतं! दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत कॉरोनेशनला लागला. चार रिळांचा सिनेमा. आज त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, मधली नाहीत. आणि जी आहेत तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या सिनेमाची आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे भारताच्या पहिल्या कथापटाचंही रिशूट झालं होतं! पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी पुढची कितीतरी वर्षं गावोगाव हिंडून असे तुकडे गोळा केले, नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत जाऊन. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असं मानतात. त्यातले आज हाताशी आहेत ते दोन-तीन डझन, तेही बरेचसे अर्धवट.

बाकीचे कुणी 'डिलीट' केले? कुणी एकाने नाही. जुन्या रिळांत चांदी असते, ती काढण्यासाठी रिळं विकली गेली. उरलेल्या पट्टीच्या बांगड्या झाल्या. गोदामात जागा नव्हती. हे करणारे कुणी दुष्ट लोक नव्हते. जागा मोकळी करत होते, आपल्या सेकंड इयरच्या मुलासारखी. त्यात ती जुनी फिल्म नायट्रेटची. या फिल्मला जळायला बाहेरची हवाही लागत नाही, तिच्यातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एकदा पेटली की विझवणं मुश्कील. ८ जानेवारी २००३ ला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता तिथे, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली आणि जुन्या सिनेमांच्या कितीतरी मूळ प्रती गेल्या. पुष्कळ लोक अजून सांगतात की 'आलम आरा', आपला १९३१ चा पहिला बोलपट, त्या आगीत गेला. नायर यांनीच स्पष्ट केलं होतं की त्याची प्रत संग्रहालयाकडे कधी आलीच नव्हती. तो त्याच्या कितीतरी आधीच हरवला होता, आणि हरवला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला आगीपेक्षा याचीच जास्त भीती वाटते.

उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. कुणी भाविक असो वा नसो, पण त्या लोकांची बॅकअपची पद्धत जरूर बघावी. कल्याणस्वामींसारखा शिष्य लिहून घेणार, मग मठामठांत त्याच्या नकला उतरल्या जाणार, आणि मठ तर दूरदूर पसरलेले. एका मठाला वाळवी लागली तर दुसऱ्या मठात बाड आहेच. पुढे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव हिंडहिंडून ही बाडं जमवू शकले ते यामुळे. 'दासबोधा'त तर लिहिण्याच्या कामावरच एक स्वतंत्र समास आहे, लेखणी, शाई, कागद, समास सोडणं, सगळं. आमच्या लॅबमध्ये एवढ्या शिस्तीचं काहीच नाही.

आता आपल्या कॉलेजने यावर काय उपाय काढला तो बघा. कुलूप! लॅबच्या मशीनला पासवर्ड, आणि पासवर्ड एका सीनियरकडे. तो सीनियर दिवाळीला परतूरला गेला आणि त्याच्या गावात रेंज नव्हती, तेव्हा चार दिवस काम ठप्प. शिवाय रात्री लॅब उघडी असते ती बॉइज हॉस्टेलच्या बाजूची. साडेसातनंतर आम्ही मुलींनी एडिटिंग कुठे करायचं याचं उत्तर कुणाकडेच नाही. ज्या मुलीमुळे आजोबा वाचले, तिला नव्या नियमाप्रमाणे फुटेज घरी न्यायलाच बंदी आहे! सांभाळणं म्हणजे कोंडून ठेवणं, असा आपला एक गोड गैरसमज आहे. तो मुलींच्या बाबतीतही आहे आणि फायलींच्या बाबतीतही. असो.

सामायिक कामाला पाहिजे ते असं, की सगळ्यांना हात लावता यावा पण एकट्याला संपवता येऊ नये. आणि हे करायला पैसे फारसे लागत नाहीत, डोकं लागतं. आधी एक समजून घेऊ. व्हिडिओच्या प्रोजेक्टमध्ये तीन वेगवेगळ्या जातीच्या वस्तू असतात आणि आपण त्या एकाच फोल्डरात कोंबतो. एक म्हणजे मूळ फुटेज. हे प्रचंड मोठं असतं, पण शूट संपल्यावर त्यात एका बिटचाही बदल होत नाही. दुसरी, प्रोजेक्ट फाइल, म्हणजे कुठला शॉट कुठे कापला याची नोंद. ही बहुधा काही एमबीचीच असते आणि दर पाच मिनिटांनी बदलते. तिसरं, रेंडर आणि कॅशे, जे पुसलं तर सॉफ्टवेअर पुन्हा बनवतं. जागा करायची असेल तर तिसऱ्यावर खुशाल झाडू मारा. भांडण आहे ते पहिल्या दोघांचं, आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

फुटेजला एकदा कॉपी झालं की 'फक्त वाचा' करून टाकायचं. विंडोजमध्ये फोल्डरच्या सिक्युरिटीत गेलात तर लिहिण्याचा हक्क वेगळा, डिलीटचा हक्क वेगळा असतो, तो काढता येतो. लिनक्सवाल्यांसाठी गंमत म्हणजे, तिथे फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर नसतोच, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर असतो. त्यामुळे फाइल रीड-ओन्ली करून निवांत झोपलेला माणूस सकाळी रडतो. त्यासाठी 'स्टिकी बिट' आहे. 'टेम्प' डिरेक्टरीत सगळे लिहितात पण एकमेकांच्या फायली पुसू शकत नाहीत, ते याच्याच जोरावर. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला हे दोन मार्कांना येतं, तिथून बाहेर काढून वापरा ना! मात्र हा कडक बंदोबस्त प्रोजेक्ट फायलीच्या फोल्डरला लावू नका. बरीच सॉफ्टवेअर सेव्ह करताना आधी नवी फाइल लिहितात आणि मग जुनी काढून तिचं नाव नवीला देतात. डिलीटच बंद केलंत तर सेव्हच होणार नाही आणि लोक वैतागून सगळे हक्क उघडे टाकतील.

प्रोजेक्ट फाइल वाचवायचा मार्ग उलटा आहे. ती लहान आहे, तर तिच्या शंभर प्रती करा. रोज तारीख आणि स्वतःच्या नावाचं आद्याक्षर लावून 'सेव्ह अॅज'. दिवसाच्या शेवटी स्वतःलाच मेल. दाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी खास लक्ष द्या. त्याचा प्रोजेक्ट साधी फाइल म्हणून दिसत नाही, तो सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतो. त्यामुळे 'आम्ही सगळा फोल्डर कॉपी केला' म्हणणारे निव्वळ फुटेज घेऊन घरी जातात. तो मुद्दाम एक्स्पोर्ट करावा लागतो.

"पण आमचं तर ड्राइव्हवर आहे" असं म्हणणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका लॅपटॉपवर पुसलं की ते आज्ञाधारकपणे सगळीकडून पुसलं जातं. ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतं खरं, पण तीस दिवसांत आपल्याला कळलं तर! आणि नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमधून विंडोजने काही पुसलं की ते तुमच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, थेट जातं. पेनड्राइव्हचंही तसंच. चुकून पुसलं गेलंच, तर पहिली गोष्ट म्हणजे त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर डाउनलोड करू नका. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने बरंच परत मिळू शकतं. एसएसडी असेल तर ट्रिम नावाची व्यवस्था पुसलेली जागा मागच्या मागे खरोखरच रिकामी करत असते, तिथे आशा फार कमी. आमच्या लॅबचं मशीन एसएसडीचं होतं, आणि आजोबा पुसले गेल्यावर दहाच मिनिटांत त्यावर ते प्रॅक्टिकलचं सॉफ्टवेअर चढवलंही होतं.

कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक बारीकशी खिट्टी असते बघा, ती खाली ओढली की कार्डावर लिहिता-पुसता येत नाही. मी विचारलं तेव्हा टीममधल्या चौघांपैकी एकालाही ती कशासाठी असते हे माहीत नव्हतं. ती ओढूनच कार्ड लॅबमध्ये आणायचं, आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळे गाळतात. कोरियाचं उदाहरण ताजंच आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉन शहरात सरकारच्या डेटा सेंटरला आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह'वरचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. बाहेर प्रत नव्हती. कारण काय दिलं, तर साठा फार मोठा होता! सॅमसंगच्या देशात हे होतं, तर 'आपल्याकडे जागा नाही' म्हणणाऱ्या आपल्या लॅबची काय कथा.

आणि नावं! 'न्यू फोल्डर (३)' हे नाव असलेला फोल्डर पुसला गेला यात पुसणाऱ्याचा दोष किती? फोल्डरला नाव देणं हीसुद्धा सुरक्षाच आहे. 'दुष्काळ_फिल्म_मूळ_फुटेज_पुसू_नका_एप्रिलपर्यंत' असं लांबलचक, बावळट नाव असतं, तर त्या मुलाने विचारायलाच नको होतं. 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल फायनल खरंच' या आपल्या नामकरण विधींवर मी वेगळा लेख लिहीन.

एक अडचण फक्त कॉलेजांचीच आहे. आपण सगळे चार वर्षांचे पाहुणे. फायनल इयरचा मुलगा पास होऊन जातो, कॉलेजचं मेल खातं बंद होतं, आणि त्याच्या मालकीच्या ड्राइव्हवर असलेली तीन गॅदरिंगं त्याच्याबरोबर जातात. स्वतःच्या खात्यावर ठेवली तरी भरवसा नाही, कारण दोन वर्षं न वापरलेली खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून काढायला सुरुवात केली आहे. जुन्या गॅदरिंगचं एखादं नाटक बघायचं म्हटलं तर आज कॉलेजमध्ये कुणाकडेच नाही. ते कुणीही डिलीट केलेलं नाही, म्हणून कुणाला टोपणनावही मिळालं नाही.

स्टाफपैकी काही जणांचं मत मी ऐकलं आहे. हा अभ्यासक्रमाचा भाग नाही, मुलांचे छंद आहेत, त्यासाठी खर्च कशाला. गॅदरिंगच्या स्टेजवर एका संध्याकाळपुरती जी फुलं लावतो, त्या पैशात एखादी चांगली एक्स्टर्नल हार्ड डिस्क सहज येईल, आणि फुलं दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी खातात. छंदाबद्दल म्हणाल, तर त्या आजोबांनी सांगितलेला मुकादम कुठल्याच पुस्तकात नाही. ७२ ची हकीकत सांगू शकणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत, पण ती आता ऐंशीच्या आसपास आहेत.

म्हणून आम्ही गॅदरिंग कमिटीला एक अर्ज दिला आहे. दोन डिस्का घ्याव्यात. लॅबच्या मशीनवर फुटेजचा फोल्डर सगळ्यांसाठी 'फक्त वाचा' असावा, आणि काहीही पुसायचं तर दोन वेगवेगळ्या वर्षांच्या दोघांनी वहीत सही करावी, पॉवर प्रेसच्या दोन बटणांसारखी. ती वही सांभाळायला आम्ही 'फॉरमॅट'लाच विचारलं. आधी त्याला वाटलं की ही नवी चेष्टा आहे. दोन दिवसांनी तो स्वतःच वही घेऊन आला, रकाने आखून. तारीख, फोल्डर, कुणाचा, कधीपर्यंत ठेवायचा, दोन सह्या. सहावा रकाना त्याने स्वतःच्या मनाने घातला होता, 'कुणाकुणाला विचारलं'.

पहिली डिस्क लायब्ररीत राहील. दुसरी वेगळ्या इमारतीत हवी, म्हणून लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसमधलं कपाट मागितलं. रेक्टर मॅडमनी होकार दिला आहे. अट एकच, डिस्क न्यायला जो कुणी येईल त्याने गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायचं आणि साडेसातच्या आत यायचं.